बाजीबाचं काय करायचं? (हरणार हे ठरलेल्या बालराजाची गोष्ट मुलांसाठी लिहिताना)

चिंचबोर

यंदा तान्ह्या पोळ्याला (मुलांच्या लाकडी बैलांचा सण) लेकीला घेऊन माहेरी, नागपूरच्या महाल भागात होते. मारबतीची मिरवणूक बघायला सकाळीच इतवारीत जाऊन उभ्या राहिलो. काळी मारबत आली, पिवळी आली, बडगे आले (मारबत आणि बडगे म्हणजे पीडा घालवायला मिरवतात ते पुतळे), आणि 'इडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत' ही आरोळी इतकी जवळून आली की लेकीने माझा हात घट्ट धरला. ती अकरा वर्षांची आहे. तिने आबांना विचारलं, "ही काळी बाई कोण?" आबांनी नागपुरात सगळे आजोबा सांगतात तेच सांगितलं. "बांकाबाई. भोसल्यांची राणी. इंग्रजांना फितूर झाली."

लेक म्हणाली, "तिला मुलंबाळं होती का?"

आबा गप्प. मी म्हटलं, एक नातू होता. दहा वर्षांचा असताना राजा झाला. त्यावर ती, "मग आजीला सगळे असं ओरडतात हे त्याला ऐकू यायचं?"

नाही यायचं. ही मारबत १८८१ पासूनची म्हणतात, आणि तो १८५३ सालीच गेला. पण त्या प्रश्नाने मला पछाडलंय. महिनाभरात चार प्रकरणं लिहून झाली. दहा ते तेरा वयाच्या मुलांसाठी. नायक बाजीबा, म्हणजे पुढचे तिसरे रघुजी भोसले.

अडचण अशी. गोष्टीच्या सुरुवातीलाच, फेब्रुवारी १८१७ मध्ये, परसोजी राजांचा झोपेत गळा आवळला जातो. त्यांचे चुलतभाऊ अप्पासाहेब गादीवर येतात. नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई, हार. पुढच्या वर्षी अप्पासाहेब कैदेत, मग फरार. आणि २६ जून १८१८ ला या पोराला गादीवर बसवतात. कारभार इंग्रज रेसिडेंट जेंकिन्सचा. शेवट तर सगळ्यांना ठाऊक आहे: १८५४, गव्हर्नर जनरल डलहौसी, संस्थान खालसा.

एका प्रकाशकाने प्रकरणं परत पाठवताना लिहिलं, 'मुलांना हरणारा राजा नको. शेवट जरा उभारी देणारा करा.' आता १८५४ ला मी उभारी कुठून आणू?

तुम्ही लहानपणी असं काही वाचलंत का, ज्यात मूल वाचणार नाही हे आधीच माहीत होतं? त्याने तुमचं काय केलं? आणि परसोजींचा खून दाखवू की दाराआड ठेवू?

---

तर्री_जास्त

पहिला! काळ्या मारबतीवर धागा आणि तोही पोह्यांच्या वेळेला. खाऊन येतो, मग वाचतो.

---

जुना_दफ्तरदार

चिंचबोरताई, विषय उत्तम. पण पाया पक्का करून घ्या, मुलांच्या पुस्तकातली चूक जन्मभर पुरते.

बाजीबा हा दुसऱ्या रघुजींच्या मुलीचा मुलगा. भोसले कुळात तो दत्तक म्हणून आला. बांकाबाई ही दुसऱ्या रघुजींची विधवा, म्हणजे आजीच्या नात्याची. परसोजी दुसऱ्या रघुजींचा मुलगा, दृष्टी अधू, अंगाने पांगळा, राज्य चालवण्यासारखा नव्हताच. म्हणजे तुमच्या बाजीबाचा मामा. हे एक वाक्य लक्षात ठेवा, 'मामा मेला'. 'राजाचा खून झाला' असं त्या मुलाच्या घरात कोणी त्याला सांगितलं नसणार.

दुसरं, सीताबर्डीची लढाई फक्त टेकडीवर उरकू नका. तिथे २६ आणि २७ नोव्हेंबरला झाली ती पहिली. मग १६ डिसेंबरला सक्करदऱ्याच्या बाजूला भोसल्यांची फौज मोडली. त्यानंतरही शहर पडलं नव्हतं. भोसल्यांच्या नोकरीतले अरब शिपाई राजवाडा आणि आजूबाजूचा भाग धरून बसले. २४ डिसेंबरला इंग्रजांनी जुम्मा दरवाजावर हल्ला चढवला, तो फसला. शेवटी बोलणी होऊन ३० डिसेंबरला अरब बाहेर पडले.

जुम्मा दरवाजा म्हणजे आजचं गांधी गेट. तुमच्या माहेराहून चालत किती मिनिटं?

---

चिंचबोर

सात. पाव भाजी खात गेलं तर बारा.

दफ्तरदारकाका, 'मामा मेला' लिहून भिंतीवर चिकटवलंय.

---

पोट्टा_इतवारीचा

अबे मले तं एवढंच माहीत होतं का बांकाबाई म्हंजे व्हिलन. आमच्या गल्लीतले पोट्टे बोलाले शिकायच्या आधी तिच्या नावानं बोंबलाले शिकतात. आता तुम्ही तिचा नातू आणून माह्या डोक्याचं दही करून राह्यले. पुढच्या वर्षी मारबत पाहाताना मले वाईट वाटलं तं जबाबदार कोन?

(लिहा ताई. मस्त हाय.)

---

शनिवारपेठी

धाग्याच्या नावात 'हरणार हे ठरलेल्या' असं आहे म्हणून विचारतो, बाजीबा यात बसतो का? तो पंचेचाळीसेक वर्षं जगला, १८३० नंतर नावापुरता का होईना कारभार हाती आला, लग्नं झाली. अभागी बालपण म्हणजे सवाई माधवरावाचं. बाप नारायणराव ३० ऑगस्ट १७७३ ला वाड्यात मारला गेला तेव्हा हा पोटात. १८ एप्रिल १७७४ ला पुरंदरावर जन्म आणि चाळिसाव्या दिवशी पेशवाईची वस्त्रं. चाळीस दिवसांच्या बाळाला मान तरी धरता येते का? त्याच्या नावाने बारभाईंनी, म्हणजे कारभाऱ्यांच्या मंडळाने, राज्य चालवलं. नाना फडणवीसांनी लग्न असं लावलं की त्याच्या व्यवस्थेच्या याद्या अजून वाचायला मिळतात, कुणाला कुठे उतरवायचं, कुणाला काय वाढायचं. पण मुलाच्या वाट्याला काय? पर्वतीच्या पायथ्याचा शिकारखाना, हरणं, वाघ. माणसांपेक्षा जनावरांत रमणारा मुलगा. आणि २१ व्या वर्षी, ऑक्टोबर १७९५, शनिवारवाड्याच्या वरच्या मजल्यावरून पडून मृत्यू.

ताईंनी विषय बदलावा असं म्हणत नाही. पण मुलांना रडवायचंच असेल तर आमच्याकडे जास्त माल आहे.

---

तर्री_जास्त

पुणेकरांकडे दुःखसुद्धा जास्त आणि उच्च प्रतीचं. दुपारी एक ते चार बंद असतं का?

---

शनिवारपेठी

@तर्री_जास्त, चितळ्यांवरून पेशव्यांवर आलात, प्रगती आहे. :)

---

रेघोटी

सवाई माधवरावाचा शेवट मुलांना कसा सांगायचा पण? पडला की उडी मारली हा वाद आजही मिटलेला नाही. माझा मुलगा नववीत आहे. आम्ही वाड्यात उभे होतो आणि त्याने मला सरळ विचारलं, "आई, त्याने मुद्दाम केलं का?" मी म्हटलं, कुणालाच नक्की माहीत नाही. ते खरंही होतं आणि माझी सुटकाही होती.

मला त्याच्यापेक्षा यशोदाबाई सुचते. त्याची दुसरी बायको. तो गेला तेव्हा ती पोरवयाची होती. तिच्या दत्तकाचा घोळ, गादीसाठी भांडणं, आणि नंतर किल्ल्यावर नजरकैद. १८११ मध्ये रायगडावरच वारली. तिच्यावर मुलांसाठी कोणी लिहीत नाही, कारण तिने काही 'केलं' नाही. तिच्यावर फक्त सगळं होत राहिलं.

---

पाटीपेन्सिल

मी शिक्षिका आहे, सहावी-सातवीला शिकवते, शाळेचं नाव जाऊ द्या. प्रकाशकाच्या त्या ओळीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मुलांना हरणारा राजा चालतो. मुलांना चालत नाही ते मोठ्यांनी घाबरत घाबरत सांगणं. आवाज हळू केला की त्यांना कळतं, इथे काहीतरी लपवलंय.

एकदा ऑफ तासाला शाहूराजांची गोष्ट सांगत होते. १६८९ साली रायगड पडला, सात वर्षांचा शाहू आई येसूबाईंबरोबर मोगलांच्या कैदेत गेला. छावणीबरोबर गावोगाव फिरत मोठा झाला. १७०७ मध्ये सुटला, छत्रपती झाला. मला वाटलं इथे वर्ग टाळ्या वाजवेल. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी फक्त डबा खायला येतो, तो म्हणाला, "आणि मॅडम, आई?"

आई नाही सुटली. तिला ओलीस ठेवलं. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून घेऊन आला तेव्हा मायलेकरं भेटली. बारा वर्षं. वर्गाने बोटांवर मोजली. एक मुलगी म्हणाली, म्हणजे आता माझं वय आहे तेवढी.

त्या दिवशी मला कळलं की राज्य मिळालं की गेलं यात त्यांना फारसा रस नाही. ते आई शोधत असतात. त्यामुळे चिंचबोर, तुमच्या लेकीचा पहिला प्रश्न 'तिला मुलंबाळं होती का' हाच आला यात मला नवल वाटलं नाही.

परसोजींचं म्हणाल तर, दाखवू नका, पण दारही लावू नका. मुलगा सकाळी उठतो, वाड्यात नेहमीचे आवाज नसतात, आणि कोणी त्याला दूध द्यायचं विसरतं. एवढं पुरे.

---

रेघोटी

दूध द्यायचं विसरतं. +१००. हे वाचून मी स्वतः उठून मुलाच्या खोलीत डोकावून आले.

---

सालवन

बराच वेळ वाचतोय, राहवेना म्हणून लिहितो. हलके घ्या किंवा घेऊ नका.

नागपुरात 'गादी गेलेला राजपुत्र' म्हटलं की सगळ्यांना भोसले आठवतात. हे शहर वसवलं गोंड राजा बख्त बुलंद शहाने, १७०२ च्या सुमारास. त्याच्यानंतर चांद सुलतान. तो गेल्यावर वारसाचं भांडण झालं, वली शहाने गादी बळकावली. राणी रतनकुंवरने आपल्या मुलांसाठी मदत मागितली ती पहिल्या रघुजी भोसल्यांकडे. ते आले, मुलांना गादी मिळवून दिली, मोबदला घेऊन परत गेले. मग दोघा भावांत फाटलं, पुन्हा बोलावणं, पुन्हा आले. या वेळी परत गेले नाहीत. बुऱ्हाणशहा नावाचा राजा राहिला, पेन्शनवर.

आता १८१८ चं चित्र बघा. नावाचा राजा, कारभार दुसऱ्याचा. माझ्या आजोबांचं एक वाक्य होतं, 'भोसल्यांनी आमच्याशी जे केलं तेच साहेबाने भोसल्यांशी केलं, फक्त साहेबाने कागद जास्त लिहिले.'

बाजीबाबद्दल मला राग नाही, दहा वर्षांच्या पोराबद्दल कसला राग. पण ताई, तुमच्या वाड्यापासून गोंड राजांचा किल्ला हाकेच्या अंतरावर आहे. बाजीबा खिडकीतून बाहेर बघत असेल तर त्याला तो दिसला पाहिजे.

---

जुना_दफ्तरदार

सालवन, मुद्दा बिनतोड. मी चाळीस वर्षं हे कागद वाचतोय आणि ही दोन चित्रं शेजारी ठेवून कधी पाहिली नव्हती. भोसल्यांच्या बाजूने एवढंच म्हणेन की बुऱ्हाणशहाच्या वंशजांचा मान आणि नेमणूक पुढेही चालू राहिली.

---

सालवन

मान चालू राहिला हे भोसल्यांच्या वंशजांबद्दलही म्हणता येतं. १८५५ नंतर 'राजेबहादूर' किताब मिळालाच की. :)

---

जुना_दफ्तरदार

शरण.

---

चिंचबोर

सालवन, पाचव्या प्रकरणात एक मुलगा येणार आहे. त्याला नाव नव्हतं, आता मिळालं. पण एक कबूल करते, मी आयुष्याची पहिली बावीस वर्षं महालात काढली आणि त्या किल्ल्याकडे 'जुनं बांधकाम' म्हणून बघितलं.

शनिवारपेठी, तुमचा प्रश्न मनात घोळतोय. बाजीबा लहानपणी मेला नाही हे खरं. पण त्याचं लहानपण मात्र त्या जूनमध्ये मेलं. असं मला वाटतं. कदाचित लेखिकेची पळवाट असेल.

---

दिवाणखाना

अवांतर: तो राजवाडा नेमका होता कुठे? सिनिअर भोसला पॅलेस तोच का?

---

पोट्टा_इतवारीचा

नाही भाऊ. जुना वाडा महालातच होता, काळ्या दगडाचा, वरतं लाकडाचं नक्षीकाम. १८६४ मधे जळला. नगारखान्याचा दरवाजा वाचला तेवढा. तिथून माह्या मामाचं दुकान जवळ हाय, रविवारी पार्किंग भेटलं तं दाखवतो. पार्किंग भेटनार नाही.

---

दिवाणखाना

म्हणजे खालसा झाल्यावर दहा वर्षांत वाडाही गेला. आणि दागिने कलकत्त्याला लिलावात, हत्ती-घोडे-बैल इथेच लिलावात. आपल्याकडे उरलं काय? २०२५ मध्ये पहिल्या रघुजींची तलवार लंडनच्या लिलावातून सरकारने परत घेतली तेव्हा व्हॉट्सअॅपवर सगळे नाचले. मीही. पण आपलीच वस्तू पैसे मोजून आणताना छाती फुगवायची की खाली बघायचं ते कळलं नाही.

---

तर्री_जास्त

छाती फुगवून खाली बघायचं. पोटामुळे तसंही काही दिसत नाही.

---

कोरा_कागद

मी मुलांची पुस्तकं संपादित करतो. नाव सांगणार नाही, नाहीतर इथूनच हस्तलिखितं यायला लागतील.

तुमच्या प्रकाशकाचं म्हणणं चूक आहे, पण त्याची भीती खोटी नाही. अशा गोष्टींचा एक रोग असतो. लेखकाला शेवट माहीत असतो आणि तो पहिल्या पानापासून मुलाकडे शोकसभेतल्यासारखं बघतो. प्रत्येक पाखरू उडतं ते काहीतरी सुचवायला. प्रत्येक दिवा विझतो. बिचाऱ्या मुलाला एकही दिवस धड खेळता येत नाही, कारण लेखक मागे रुमाल घेऊन उभा. मुलं असलं पुस्तक वीस पानांत टाकून देतात, आणि बरोबर करतात.

बाजीबाला १८५४ माहीत नाही. त्याला १८१८ चा उन्हाळा माहीत आहे. आणि काय उन्हाळा आहे तो! १३ मे ला अप्पासाहेब इंग्रजांच्या पहाऱ्यातून शिपायाच्या वेषात पळाले. महादेवाच्या डोंगरात गोंड सरदारांच्या आश्रयाला गेले. म्हणजे जूनमध्ये या पोराला गादीवर बसवतात तेव्हा आधीचा राजा जिवंत आहे, मोकळा आहे, आणि वाड्यातला प्रत्येक नोकर कुजबुजतोय की तो परत येणार. मुलाला यातलं अर्धंच ऐकू येतं. ज्याने मामाला मारलं म्हणतात तो येतोय की ज्याने साहेबाशी लढाई केली तो येतोय? एकाच माणसाबद्दल दोन गोष्टी. सांगा, दहा वर्षांच्या वाचकाला याहून चांगलं रहस्य कुठे मिळणार?

म्हणून माझा सल्ला, पुस्तक राज्यारोहणाच्या दिवशी संपवा. २६ जून. नगारे, हत्ती, साखर. सगळ्यात आनंदाचा दिवस. पुढचं वाचकावर सोडा.

---

शनिवारपेठी

सुंदर लिहिलंत, पण ही चलाखी झाली. शेवटचं पान फाडून पुस्तक गोड होतं का? ज्या मुलाला १८५४ माहीत नाही त्याला वाटेल, वा, राजा झाला, सुखाने नांदू लागला. म्हणजे नेमकं जे प्रकाशकाला हवं होतं तेच तुम्ही मागच्या दाराने आणलंत.

---

कोरा_कागद

मान्य आहे की धोका आहे. मागे दोन पानांची टीप देता येईल, पुढे काय झालं याची.

---

पाटीपेन्सिल

टीप मुलं वाचत नाहीत. टीप आम्ही वाचतो आणि परीक्षेत विचारतो.

---

वाटसरू_७१

दुलीपसिंग आठवला. पाचव्या वर्षी पंजाबचा महाराजा, नवव्या वर्षी आईपासून तोडला, दहाव्या वर्षी राज्य गेलं, पंधराव्या वर्षी विलायतेला. आई पुन्हा भेटली १८६१ मध्ये कलकत्त्यात, तोवर तिची दृष्टी जवळजवळ गेली होती. पाटीपेन्सिलबाईंचा तो मागच्या बाकावरचा मुलगा असता तर त्याने हेच विचारलं असतं. राज्य घेणारा माणूसही तोच, डलहौसी.

---

बिनधास्त_बोल

सगळे राजेच का हो? त्याच वर्षी नागपुरात हजारो पोरं असतील ज्यांचे बाप त्या टेकडीवर मेले. त्यांचं लहानपण गेलं नाही? एखाद्या हुजऱ्याच्या मुलाच्या नजरेतून लिहा.

---

कोरा_कागद

लिहू नका. वाड्यातला चुणचुणीत नोकर-पोरगा, जो सगळ्या दारांना कान लावतो, तो माझ्या टेबलावर महिन्याला दोनदा येतो. आता मला तो ओळखतो.

---

बिनधास्त_बोल

ठीक, चुणचुणीत नको. पण मुद्दा राहतोच. टेकडीवर आजही कबरी आहेत त्या इंग्रजांच्या बाजूने पडलेल्यांच्या. किल्ला वर्षातून दोन-तीन दिवस लोकांना उघडतात, आम्ही कॉलेजात असताना २६ जानेवारीला गेलो होतो, रांग लावून. भोसल्यांकडून पडलेल्यांची नावं कुठे? नाहीत. राजाच्या मुलाला निदान तुमच्यासारखी लेखिका तरी मिळाली.

---

रेघोटी

एक वेगळंच लिहिते. माझे वडील मी आठ वर्षांची असताना गेले. तेराव्याला मला नवीन फ्रॉक घातला होता, हिरवा. घरात माणसंच माणसं, सगळे माझे लाड करत होते, आणि मला ते आवडत होतं. मोठेपणी त्या आवडण्याची लाज वाटायची. लहानपणी कुठल्याच पुस्तकात असं मूल भेटलं नाही, ज्याच्यावर आभाळ कोसळलंय आणि त्याला नवा फ्रॉक आवडतोय.

बाजीबाला हत्ती आवडू द्या.

---

चिंचबोर

रेघोटी. थांबले इथे थोडा वेळ. थँक यू.

---

जुना_दफ्तरदार

बांकाबाईचं काय करणार आहात ते सांगितलं नाहीत. तिच्यावर फितुरीचा शिक्का बसला तो सत्तावन्नमुळे. त्या वर्षी तिने आपल्या लोकांना उठावापासून लांब ठेवलं, हे खरं. पण १८५४ मध्ये दत्तक नामंजूर झाला तेव्हा हीच म्हातारी इंग्रजांशी भांडत होती. १८५८ ला गेली. तिची मारबत झाली ती लोकांच्या तोंडी, किती वर्षांनी. दरबारी कागदात एक बाई आणि इतवारीच्या रस्त्यावर दुसरी. मुलांना दोन्ही दाखवा.

---

पोट्टा_इतवारीचा

माह्या डोक्यात एक येऊन राह्यलं. चुकीचं असंन तं सांगा.

तान्हा पोळा आपल्याकडे भोसल्यांनीच सुरू केला म्हंतात ना? दुसऱ्या रघुजींनी, १८०६ का काय ते. मोठ्या वाड्यात, म्हंजे सिनिअर भोसला पॅलेसात, तो लाकडी नंदी हाय अजून, माणसापेक्षा उंच. म्हंजे बाजीबाच्या आजोबानं पोट्ट्यांसाठी सण काढला. तं बाजीबा बारका होता तवा तोही बैल घेऊन फिरला असंन. आता गादीवर बसला जूनमधे. पोळा येते दोन महिन्यानं.

राजा झाल्यावर त्याले बोजारा कोन देत होता?

---

शनिवारपेठी

बोजारा म्हणजे?

---

पोट्टा_इतवारीचा

लाकडी बैल सजवून पोट्टे घरोघरी जातात, तवा लोकं पैसे, खाऊ देतात, तो बोजारा. पुण्यात नाही का? अरेरे. याच्यापेक्षा अभागी बालपण कोनतं?

---

शनिवारपेठी

हा घाव वर्मी बसला. मान्य.

---

कोरा_कागद

२६ जून रद्द. माझा सल्ला मागे घेतो.

---

पाटीपेन्सिल

मी हे उद्या वर्गात विचारणार आहे, काहीही न सांगता. 'राजाला बोजारा कोण देतं?'

---

जुना_दफ्तरदार

१८०६ हे साल परंपरेने सांगितलं जातं, त्याला मी कागद दाखवू शकत नाही. पण कादंबरीला पुरेसं आहे. नंदी मात्र वर्णनात जपून घाला, त्याची उंची मोजायला निम्मं नागपूर जाईल.

---

चिंचबोर

पाच दिवसांनी येतेय. शेवटचं प्रकरण आधी लिहून झालं. थोडं इथे टाकते, कच्चं आहे.

> सकाळपासून नजराणे येत होते. ताट यायचं, कारकून नाव वाचायचा, बाजीबाने हात लावायचा, ताट जायचं. साहेब खुर्चीवर बसून बघत होता. त्याची खुर्ची गादीहून खाली होती, पण बाजीबाला दर वेळी तोच उंच वाटायचा.
>
> बाहेर चौकात पोरं ओरडत होती. लाकडी बैलांची चाकं दगडावर खडखडत होती. त्यांतला एक आवाज बाजीबाला ओळखू आला. डावं चाक वाकडं असलं की तसा आवाज येतो. त्याच्या बैलाचंही डावं चाक वाकडं होतं. तो बैल कुठे ठेवलाय हे त्याने कुणाला विचारलं नव्हतं.
>
> पोरं रांगेने आत आली. कारकुनाने बाजीबाच्या हाताशी नाण्यांचं तबक सरकवलं. "महाराजांनी बोजारा द्यायचा."
>
> तो देत गेला. किल्ल्याकडच्या वाड्यातला मुलगा आला तेव्हा त्याने दोन दिली. त्या मुलाने एक परत तबकात ठेवलं.
>
> संध्याकाळी आजी आली. तिने दार लोटून घेतलं, पदराची गाठ सोडली आणि एक अधेली त्याच्या तळहातावर ठेवली. "बैल कुठाय तुझा?" तिने विचारलं.
>
> "माहीत नाही," बाजीबा म्हणाला. मग म्हणाला, "महाराजांकडे बैल नसतो."
>
> "मी महाराजांना नाही विचारलं," आजी म्हणाली.

लेकीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ही तीच? काळी मारबत?" मी हो म्हटलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, पुढच्या वर्षी मिरवणुकीला जायचं, पण ती ओरडणार नाही, फक्त बघणार.

प्रकाशकाला पाठवलेलं नाही अजून.

---

रेघोटी

त्या मुलाने एक नाणं परत ठेवलं. सालवन, बघताय ना?

---

सालवन

बघतोय. दोनदा वाचलं.

---

जुना_दफ्तरदार

अधेली तेव्हाच्या नागपुरी चलनात कशी होती ते तपासून कळवतो. बाकी काही म्हणायचं नाही.

---

पोट्टा_इतवारीचा

आयडिया माही होती. माहा बोजारा?

---

तर्री_जास्त

रविवारी सकाळी आठ, नगारखान्याजवळ. पोहे माझ्याकडून. गाडी आणू नका.